महापालिकेच्या जुन्या इमारतीतली कोंदट हवा आणि दुरुस्तीचा पैसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एका पेठेत महापालिकेची जुनी दगडी इमारत आहे. खाली नागरी आरोग्य केंद्र आणि जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी, वर विभागीय कार्यालय, अभिलेख कक्ष आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कोपऱ्यांत बुरशी धरते. उन्हाळ्यात एसी चालू आणि खिडक्या बंद. कर्मचाऱ्यांचा खोकला हटत नाही आणि अभ्यासिकेतल्या मुलांचं डोकं दुपारनंतर जड होतं. तुम्ही ‘इमारतीतील हवेची गुणवत्ता सुधारणे’ या नावाने प्रस्ताव दिला आणि तो ‘तरतूद नाही’ असा शेरा घेऊन परत आला. आता पैसा कुठून आणायचा?

मी तीस वर्षं नगरपालिका-महापालिकांच्या बांधकाम विभागात काढली. निवृत्तीनंतरही सार्वजनिक इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करतो. तुमच्यासारखा शेरा मी स्वतः अनेकदा घेतला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लेखा विभागाचा शेरा नियमाने बरोबर आहे. अंदाजपत्रकात ‘हवा’ नावाचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं ठरलेलं खातं, नसतं. पण हवा आपोआप बिघडत नाही. गळकी गच्ची, फुटलेला सांडपाण्याचा पाइप, खिळे ठोकून बंद केलेली तावदानं, बंद पडलेला एक्झॉस्ट, खिडकीखाली ठेवलेला जनरेटर आणि आवारातली मोकळी माती ती बिघडवतात. यातल्या प्रत्येक गोष्टीला लेखाशीर्ष आहे आणि त्यात दरवर्षी थोडीफार तरतूदही असते. म्हणून पैसा हवेच्या नावाने मागू नका, हवा बिघडवणाऱ्या कारणाच्या नावाने मागा. एकच तांत्रिक अहवाल करा, त्यात सगळी कारणं एकत्र मांडा, आणि त्याच्या आधारे स्थापत्य, विद्युत, आरोग्य, उद्यान असे त्या त्या विभागाचे वेगळे अंदाज तयार करून घ्या.

इथे एक धोका आहे. ई-निविदेची मर्यादा (ज्या रकमेच्या वर ऑनलाइन निविदा काढावीच लागते ती) चुकवण्यासाठी एकाच कामाचे तुकडे पाडले, तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि तो वर्षानुवर्षं मागे लागतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि विद्युत विभागाचे पंखे ही स्वभावानेच वेगळी कामं आहेत, ती वेगळी चालतात. पण त्याच गच्चीचा पूर्व भाग एका फाइलवर आणि पश्चिम भाग दुसऱ्या फाइलवर, असं कुणी सुचवलं तर सही करू नका.

आता अहवालाबद्दल. ‘कोंदट वाटतं’ या वाक्यावर कुणी पैसे देत नाही, आकडा लागतो. सुदैवाने सगळ्यात उपयोगी आकडा स्वस्तात मिळतो. एनडीआयआर (अवरक्त किरणांनी वायू मोजणाऱ्या) सेन्सरचा कार्बन डायऑक्साइड मीटर काही हजार रुपयांत येतो. किरकोळ खरेदीतून घ्या किंवा जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून पंधरा दिवसांसाठी मागून आणा. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० ते ४३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो. माणूस श्वासावाटे तो सोडतो, म्हणून खोलीतला आकडा चढला की ताजी हवा कमी पडते असं समजायचं. बसून काम करणारा माणूस सेकंदाला सुमारे ०.००५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याच्या वाट्याला सेकंदाला १० लिटर ताजी हवा आली, तर खोलीतला आकडा ९०० ते ९५० च्या आसपास स्थिरावतो. तीच हवा अडीच लिटर असेल तर तो २,४०० पर्यंत जातो. बंद एसीच्या अभ्यासिकेत दुपारी चार वाजता मीटर ठेवून बघा, मुलांचं डोकं का जड होतं ते त्या काचेवर दिसेल.

अधिकाऱ्यांना एक गोष्ट मला नेहमी समजावून सांगावी लागते. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो. साठ मुलांच्या अभ्यासिकेत तीन एसी लावले आणि खिडक्या बंद केल्या, तर साठ जणांचा उच्छ्वास तिथेच फिरत राहतो. छताचा पंखासुद्धा हवा फक्त ढवळतो.

दुसरा आकडा धुळीचा. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतची सूक्ष्म धूळ, पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतची. पीएम २.५ साठी आपल्या देशाचं २००९ चं मानक २४ तासांच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे आणि पीएम १० साठी १००. ही मानकं बाहेरच्या हवेची आहेत, तरी तुलनेला उपयोगी पडतात. आत आणि बाहेर एकाच वेळी मोजा. आतला आकडा बाहेरच्यापेक्षा जास्त आला तर धूळ आतच तयार होते. अभिलेख कक्षातले जुने गठ्ठे, झडणारा गिलावा आणि कोरड्या झाडूने होणारी झाडलोट यांच्यावर मग बोट ठेवता येतं. तिसरा पुरावा म्हणजे ओलीचे फोटो, तारखेसह. ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच काढावे लागतात, कारण आपल्याकडे पावसाचा खरा जोर बहुधा सप्टेंबरात असतो. मार्चमध्ये अभियंता पाहणीला आला की भिंत कोरडी दिसते आणि तो ‘आवश्यकता नाही’ लिहून जातो.

याबरोबर स्ट्रक्चरल ऑडिट मागा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. तुमची इमारत त्याच्या कितीतरी पलीकडची दिसते. या तपासणीत गळती, गंजलेल्या सळया, सुटलेला गिलावा सगळं लेखी येतं. ते एकदा लेखी आलं की दुरुस्ती सोयीची राहत नाही, सुरक्षिततेची होते, आणि पैशाच्या रांगेत तुमची फाइल वर सरकते. काही भाग धोकादायक निघाला, तर आणीबाणीच्या कामासाठी आयुक्तांना कलम ६७ खाली अधिकार आहेत. पण ते खऱ्या धोक्यासाठीच वापरायला सांगा. साध्या ओलीसाठी ते वापरले की पुढे हिशेब देणं अवघड जातं.

कामांचा क्रम ही पैशाइतकीच मोठी गोष्ट आहे. गच्ची आधी, मग पाइप, मग गिलावा, मग रंग आणि शेवटी विजेची कामं. एका गावात (नाव घेत नाही) रंगकामाची तरतूद आधी मंजूर झाली म्हणून रंग आधी दिला. गच्ची पुढच्या वर्षी केली. मधल्या पावसाळ्यात सगळा रंग फुगून पापुद्र्यांनी गळून पडला आणि त्याची पूड प्रसूतिकक्षात उडत होती. मी त्या कामावर होतो आणि पुरेसा विरोध केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या दगडी भिंतींविषयी थोडं जास्त लिहितो, कारण इथे पैसा सर्रास वाया जातो. जुन्या सोलापुरातल्या बहुतेक दगडी इमारती चुन्यात बांधलेल्या आहेत. अशी भिंत ओल शोषते आणि सोडतेही. पुढे कुणीतरी त्यावर सिमेंटचा गिलावा करतं आणि वर ऑइल पेंट मारतं. मग आत गेलेली ओल बाहेर पडू शकत नाही, गिलाव्यामागे साठते आणि बुरशीला घर मिळतं. अशा भिंतीवर नवा सिमेंट गिलावा म्हणजे तोच खर्च पाच वर्षांनी पुन्हा. अंदाजपत्रकात सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच रंगसफेदी धरा. नेहमीच्या दरसूचीत हा दर सापडला नाही, तर दर पृथक्करण (साहित्य आणि मजुरी धरून दर कसा काढला त्याचा हिशेब) जोडून तांत्रिक मान्यता घ्यावी लागते. शाखा अभियंता कंटाळा करेल, पण बसून करून घ्या. जीर्णोद्धाराच्या कामात हे रोज होतं.

आता सगळ्यात स्वस्त काम, ज्याला नव्या निधीची गरजच नाही. इंद्रभुवनसारख्या आपल्या जुन्या वास्तू पाहा. उंच छत, रुंद व्हरांडे, मोठ्या खिडक्या. हवा खेळावी म्हणूनच ते तसं बांधलं. तुमच्या इमारतीतही छताजवळ झरोके असतील. फॉल्स सीलिंगच्या वर किंवा प्लायवुडच्या मागे ते आजही असतील. आधी ते उघडा. जाळ्या बसवा, कबुतरांचा बंदोबस्त करा, अडकलेल्या खिडक्या सुताराकडून मोकळ्या करून घ्या, खिडकीला टेकवलेली कपाटं हलवा. हे नित्य देखभालीच्या तरतुदीत बसतं आणि महिनाभरात मीटरवर फरक दिसतो. हा फरक लिहून ठेवा, पुढच्या प्रस्तावात तोच तुमचा सर्वात मोठा आधार असेल.

अभ्यासिकेसाठी साठ मुलांना प्रत्येकी १० लिटर म्हणजे सेकंदाला ६०० लिटर, तासाला २,१६० घनमीटर हवा लागते. बारा इंची एक्झॉस्ट पंखा कागदावर तासाला ९०० ते १,००० घनमीटर ओढतो. जाळी, शटर आणि धूळ धरली तर दोन तृतीयांश धरा. म्हणजे चार पंखे. समोरच्या भिंतीत तेवढीच हवा आत येण्याची वाट हवी, नाहीतर पंखे नुसते गुरगुरतात. चार पंखे, वायरिंग आणि चौकटी यांचा खर्च काही हजारांतला आहे, तो विद्युत विभागाच्या किरकोळ कामात बसतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे गेला की ही हवा गरम येणार आणि एसी दमणार, हे खरं आहे. त्या दोन महिन्यांत आपल्या कोरड्या उन्हाळ्याला डक्टचे कूलर चांगले चालतात आणि ते बाहेरचीच हवा आत आणतात. फक्त नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात त्यांना पाणी किती लागेल, टाकी दर आठवड्याला कोण धुणार, हे ठरल्याशिवाय ते घेऊ नका.

आता बाहेरचा पैसा. सगळे आधी राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचं नाव घेतात. जानेवारी २०१९ मध्ये तो सुरू झाला आणि सोलापूर त्यातल्या शहरांत आहे. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या साडेनऊ लाख, दहा लाखांच्या खाली, म्हणून आपला वाटा वित्त आयोगाच्या मोठ्या शहरांच्या निधीतून न येता केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या या कार्यक्रमातून येतो. पण तो पैसा शहराच्या बाहेरच्या हवेसाठी आहे. रस्त्याची धूळ, झाडणारी यंत्रं, हरितपट्टे, कचरा जाळणं थांबवणं असा त्याचा रोख. त्यातून तुमच्या खोलीतला एक्झॉस्ट मागितला तर नकार येईल आणि तो योग्यच असेल. तुमच्या आवारातली मोकळी माती मात्र त्यात बसू शकते. वाहनतळावर पाणी मुरणारे ब्लॉक, कडेने झाडं आणि समोरच्या रस्त्याची नियमित यांत्रिक झाडलोट मागा. काळ्या मातीची धूळ दारातच थांबली तर आतला निम्मा त्रास कमी होतो, असा माझा अनुभव आहे. यासाठी पर्यावरण विभागाला भेटून शहराच्या कृती आराखड्यात तुमचं आवार घालून घ्या.

वित्त आयोगाचं अनुदान वेगळं. पंधराव्या आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात आपल्यासारख्या शहरांना ४० टक्के रक्कम अबंधित आणि ६० टक्के पाणी व स्वच्छतेला बांधलेली होती. अबंधित भागातून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता, स्थानिक गरजेची कामं करता येत होती. २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो. चालू वर्षाचा शासन निर्णय लेखा विभागातून आणून स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. बांधलेल्या भागातूनही एक काम निघू शकतं. फुटलेली सांडपाण्याची वाहिनी आणि स्वच्छतागृह दुरुस्ती स्वच्छतेच्या कामात मांडता येते का, ते त्या निर्णयातल्या शब्दांवर ताडून पाहा.

स्मार्ट सिटीची आशा सोडा. सोलापूर जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत निवडलं गेलं होतं, पण ते अभियान ३१ मार्च २०२५ ला संपलं.

खालच्या आरोग्य केंद्रासाठी तुमचं पारडं सर्वात जड आहे. तिथे क्षयाचे रुग्ण येतात, गरोदर बाया येतात, विडी वळून वळून छाती धरलेल्या आयाबाया येतात. हवेतून होणारा संसर्ग रोखण्याच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना २०१० पासून आहेत. रुग्णांनी शक्यतो दोन्ही बाजूंनी मोकळ्या जागेत थांबावं असं त्या सांगतात. प्रतीक्षेची बाकं बंद बोळातून व्हरांड्यात हलवणं, तिथे छप्पर आणि पंखे करणं, हे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या अबंध निधीतून किंवा रुग्ण कल्याण समितीच्या ठरावाने होऊ शकतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ‘कायाकल्प’ या सरकारी आरोग्य केंद्रांच्या स्वच्छता पुरस्कार योजनेच्या मूल्यांकनात भाग घेतला तर आणखी चांगलं. त्यात संसर्ग नियंत्रण आणि इमारतीच्या निगेला गुण आहेत आणि बक्षिसाचा मोठा भाग केंद्राच्याच सुधारणेवर खर्च करायचा असतो. आरोग्य केंद्राच्या नावाने सुरू झालेलं गच्चीचं काम वरच्या कार्यालयालाही कोरडं करतं. मात्र आरोग्याचा पैसा कार्यालयाच्या खोल्यांवर खर्च करू नका, पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र देताना अडचण येते.

गच्ची आणि भिंतींसारखं मोठं काम महापालिकेच्या स्वनिधीतून झालं तर उत्तम. नसेल तर जिल्हा नियोजन समितीमार्फत जिल्हास्तरीय नगरोत्थान या राज्याच्या शहरविकास योजनेतून मागता येतं. त्यासाठी महापालिकेचा ठराव, तांत्रिक मान्यता असलेला अंदाज आणि जागा महापालिकेच्या नावावर असल्याचा उतारा हे तीन कागद तयार ठेवा. पेठांतल्या जुन्या इमारतींचे उतारे पुष्कळदा अर्धवट निघतात आणि काम तिथेच अडतं. नगरसेवकांच्या निधीतून अभ्यासिकेची कामं पटकन होतात, कारण ती मुलं त्यांच्याच प्रभागातली असतात. खासदार निधी टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेसाठी असतो, नित्याची देखभाल त्यात मागू नका.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी हा शेवटचा दरवाजा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावा लागतो. आरोग्य, शिक्षण आणि पर्यावरण हे विषय त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत. आपल्या परिसरात एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्प आहे, सिमेंट, रसायन आणि वाहनभागांचे कारखाने आहेत. त्यांच्याकडे ‘महापालिका कार्यालयाची दुरुस्ती’ घेऊन गेलात तर दार उघडणार नाही. ‘अभ्यासिकेत शुद्ध हवा’ किंवा ‘क्षयरुग्णांसाठी मोकळं प्रतीक्षालय’ घेऊन जा, सोबत मीटरचे आकडे आणि फोटो द्या. आणि देखभाल कोण करणार याचं आयुक्तांच्या सहीचं पत्र जोडा.

देखभालीवर मी एवढा जोर का देतो, ते सांगतो. एका नगरपालिकेत अनुदानातून हवा शुद्ध करणारी यंत्रं घेतली. भांडवली पैसा मिळाला होता, पण फिल्टर बदलायला महसुली, म्हणजे दरवर्षीच्या चालू खर्चाची, तरतूद कुणी केली नव्हती. पहिले फिल्टर काळे पडले, यंत्रांतून वास येऊ लागला, कुणीतरी बटणं बंद केली. दोन वर्षांनी ती मला भांडारगृहात तुटक्या खुर्च्यांखाली दिसली. ओझोन किंवा आयन सोडणारी यंत्रं तर घेऊच नका, ओझोन फुप्फुसांना त्रासदायकच आहे. एसीचे फिल्टर महिन्यातून एकदा धुणं, एक्झॉस्ट पुसणं, पावसाळ्याआधी गच्चीचे पाइप साफ करणं, ओल्या फडक्याने झाडलोट, या चार ओळी वार्षिक देखभाल करारात लिहून घ्या आणि बिलासोबत तारीखवार नोंदवही तपासा.

या महसुली खर्चाला पैसा विजेतून काढता येतो. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा ३० च्या आत. इमारतीत १२० पंखे, दिवसाला आठ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर सुमारे १३,००० युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तर सव्वा लाखाच्या वर. पंखे बदलायला प्रत्येकी तीन हजार धरून साडेतीन लाख लागतील, ते तीन वर्षांत फिटतात. अडचण अशी की वीजबिल मुख्य कार्यालयातून भरलं जातं आणि बचत तुमच्याकडे परत येत नाही. म्हणून पंखे बदलण्याच्या प्रस्तावातच ‘बचतीइतकी रक्कम या इमारतीच्या देखभालीस वर्ग करावी’ हे वाक्य घाला आणि मुख्य लेखापालांची संमती त्याच टिपणीवर घ्या. नंतर मागितली तर मिळत नाही.

वेळापत्रक असं धरा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओलीचे फोटो, ऑक्टोबरमध्ये अभियंत्यांची पाहणी आणि अंदाज. नोव्हेंबरमध्ये मागणी लेखा विभागाकडे, म्हणजे चालू वर्षाच्या सुधारित अंदाजात थोडी आणि पुढच्या वर्षाच्या मूळ अंदाजात उरलेली रक्कम मिळवता येते. जानेवारीत कार्यादेश आणि फेब्रुवारी ते मे गच्चीचं काम. सगळं मार्चअखेरवर गेलं तर कार्यादेश जूनमध्ये हातात येतो आणि ठेकेदार पावसात वॉटरप्रूफिंग करतो. ते टिकत नाही. वॉटरप्रूफिंगला दोष दायित्व कालावधी (दोष निघाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत) किमान पाच वर्षांचा घाला आणि अनामत एका पावसाळ्यानंतर, गच्चीत पाणी साठवून केलेली चाचणी पाहूनच सोडा.

या आठवड्यात एवढंच करा. मीटर मिळवा, चार दिवस दर तासाला आकडा लिहा, आणि झरोक्यांपुढचं प्लायवुड काढायला सुताराची परवानगी मागा. तुमची पहिली टिपणी एका पानाची असू द्या. वर आकडा, मध्ये स्ट्रक्चरल ऑडिटची मागणी, खाली आरोग्य केंद्रातल्या रोजच्या रुग्णांची संख्या. ती वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या आणि शाखा अभियंत्यांच्या अशा दोन सह्यांनी जाऊ द्या.